आई-बाबांबरोबर खाली कुणी थांबायचं?

नाशिकच्या र. यांचं पत्र:

«माझं वय ४३. दीर-जाऊ म्युनिकला असतात. त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी इटलीत, डोलोमाइट्सच्या डोंगरातल्या ओर्तिसेइ नावाच्या गावात एक मोठं घर भाड्याने घेतलंय. आम्ही चौघं (मुलगा १५, मुलगी ९), सासू-सासरे आणि दिराकडचे तिघं, असे नऊ जण आठवडाभर तिथे राहणार. मग चार दिवस म्युनिक. सासऱ्यांचं वय ७४, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिना उतरताना जास्तच. दिराला एक दिवस सगळ्यांना ‘त्रे चिमे’च्या ट्रेकला न्यायचंय. नवरा म्हणतो, आई-बाबांना ते झेपणार नाही, तू त्यांच्याजवळ घरीच थांब, तसंही नऊ जणांच्या जेवणाचं तुलाच बघावं लागेल. लग्नाआधी मी दर पावसाळ्यात डोंगरात असायचे. हरिहर, कळसूबाई, हरिश्चंद्रगड, सगळं केलंय. आता थांबले तर जन्मभर मनात राहील. नाही थांबले तर सगळ्यांना स्वार्थी वाटेन. काय करू?»

प्रिय र.,

तुम्ही थांबू नका. आणि त्या आठवड्यात त्रे चिमेलाही कुणी जाऊ नका.

दिराने हौसेने एक ट्रेक ठरवला. त्या ट्रेकमुळे घराची दोन गटांत फाळणी झाली: ज्यांना झेपेल ते आणि ज्यांना झेपणार नाही ते. फाळणी झाली की न झेपणाऱ्यांजवळ कुणीतरी थांबायला हवं, आणि ते ‘कुणीतरी’ आपल्याकडे सहसा सूनच असते. म्हणून थांबायचं कुणी यावर वाद घालण्याआधी सहलच बदला. ओर्तिसेइ हे गाव असं आहे की तिथे ही फाळणी करायची गरजच पडत नाही.

आधी त्रे चिमे का नको ते सांगते, कारण दिराला पटवायला कारणं लागतील. ही तीन सुळक्यांची जागा सुंदर आहे यात वादच नाही. मधला सुळका २,९९९ मीटर उंच आहे. पण ओर्तिसेइहून तिथे जायला घाटांमागून घाट पार करत गाडीने एका बाजूचे दोन तासांहून जास्त लागतात. गाडी रिफूजिओ औरोन्झोपर्यंत न्यायची तर त्या टोलच्या रस्त्याचं ऑनलाइन बुकिंग आधी करावं लागतं. तिथली उंचीच २,३२० मीटर, आणि तिथून सुळक्यांना पूर्ण फेरी मारायची म्हणजे साधारण १० किलोमीटर चाल. वाटेतली खिंड २,४५४ मीटरवर आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात खिंडीच्या उत्तरेच्या बाजूला बर्फ असू शकतं. उंचावरचे बरेच रिफूजिओ, म्हणजे डोंगरातली राहण्या-जेवणाची घरं, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात उघडतात. थोडक्यात, सासूबाईंना चार-पाच तास गाडीत बसवून शेवटी वाहनतळावर ठेवायचं आणि बाकीच्यांनी बर्फातून घसरत जायचं, असा तो दिवस होईल. दिराने हाच आठवडा का धरला असेल तेही लक्षात येतं. बव्हेरियातल्या, म्हणजे म्युनिककडच्या, शाळांना पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची दोन आठवड्यांची सुट्टी साधारण याच सुमारास असते, आणि आपल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. दोन्ही घरांच्या मुलांना जमेल असा हाच काळ. म्हणून तारीख बदलू नका, डोंगर बदला.

ओर्तिसेइ गाव १,२३६ मीटरवर आहे. गावातूनच एक गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, थेट वर आल्पे दि सिउझीला जाते. वरचं स्टेशन सुमारे २,००० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेतीनशे मीटर उंच. तुमच्या सासूबाई तिथे एकही पायरी न चढता, बसून पोचतील. वर युरोपातलं सगळ्यात मोठं पठारी कुरण आहे, ५० चौरस किलोमीटरहून जास्त पसरलेलं. समोर सासोलुंगोचा ३,१८१ मीटरचा कातळ, दुसऱ्या बाजूला शिलिआरची सपाट माथ्याची भिंत. जूनमध्ये कुरण फुलायला लागलेलं असतं. कुरणाकडे येणारा मोटाररस्ता दिवसा खासगी गाड्यांना बंद असतो, त्यामुळे वर हॉर्न नाही, धूर नाही. ज्यांना चालायचंय त्यांना रुंद, सोप्या वाटा आहेत. ज्यांना बसायचंय त्यांना बाकं आहेत, उन्हातल्या ओट्यावर टेबलं मांडलेली खानावळवजा घरं आहेत. फक्त गोंडोला कोणत्या तारखेला सुरू होते ते त्यांच्या वेबसाइटवर आत्ताच बघून ठेवा. हिवाळा आणि उन्हाळ्याच्या मध्ये ती बंद असते आणि तारखा दर वर्षी थोड्या सरकतात.

गुडघेदुखीच्या माणसासाठी गोंडोलात एकच अवघड जागा असते, ती म्हणजे चढताना आणि उतरताना. डबा पूर्ण थांबत नाही, फलाटाला घासून हळूहळू सरकत राहतो आणि त्या सरकत्या डब्यात पाय टाकायचा असतो. सासूबाई तिथे बिचकतील, मागचे लोक खोळंबतील आणि त्या ओशाळतील. म्हणून रांगेत उभं राहतानाच तिथल्या कर्मचाऱ्याला त्यांचा गुडघा दाखवा आणि हाताने ‘सावकाश’ अशी खूण करा. ते वेग आणखी कमी करतात, गरज पडली तर डबा थांबवतातही. हे त्यांच्या रोजच्या कामातलं आहे, त्यात संकोच नको. आधी मुलाने आत जाऊन हात द्यायचा, मग सासूबाई, त्यांच्या मागे तुम्ही. उतरताना उलट क्रम. काठी आधी मुलाच्या हातात द्या, दारात अडकते. मी माझ्या आईला असंच नेलं आहे. ‘मला नाही जमायचं’ म्हणणारी माझी आई परतताना सगळ्यांच्या आधी डब्यात जाऊन बसली होती.

वर पोचल्यावर सगळ्यांनी मिळून आधी अर्धा तास तिथेच घालवा. फोटो, चहा, नातवंडांची पळापळ. मग जेवायची जागा ठरवा, आणि ती स्टेशनपासून आई-बाबांना सावकाश चालत गाठता येईल अशीच ठरवा. साडेबाराला सगळे तिथे. मधल्या दोन तासांत ज्याला जितकं चालायचंय तितकं त्याने चालावं. दीर, तुम्ही आणि मुलगा लांबचा फेरा मारा. जाऊ आणि दोन्ही लहान मुलं जवळपास फिरतील. नशीब असेल तर मार्मोट, म्हणजे डोंगरातल्या जाडजूड खारी, दिसतील. ते दिसण्याआधी त्यांची शिट्टी ऐकू येते. तुमचा नवरा आई-बाबांबरोबर हळू चालेल. या बेतात ‘मागे राहिलेलं’ कुणीच नसतं, कारण सगळे वर आलेले आहेत आणि सगळे एकाच टेबलावर जेवणार आहेत.

सासऱ्यांबद्दल मात्र मी अंदाजाने बोलणार नाही. तब्येत स्थिर असलेल्या बऱ्याच हृदयरुग्णांना २,००० मीटरवर काही तास घालवणं झेपतं, पण तुमच्या सासऱ्यांचं उत्तर त्यांचे कार्डिओलॉजिस्टच देऊ शकतात. त्यांना मोघम ‘फॉरेनला नेलं तर चालेल का’ असं विचारू नका. नेमकं विचारा: रात्री मुक्काम १,२३६ मीटरवर, एक दिवस काही तास २,००० मीटरवर, सपाट वाटेवर सावकाश अर्धा तास चाल, चालेल का? स्ट्रेस टेस्ट करायची का? औषधं मूळ घटकाच्या नावाने लिहून घ्या, कारण आपल्या कंपन्यांची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. सगळी औषधं केबिन बॅगेत ठेवा. आणि हा प्रश्न विचारायला सासऱ्यांनाच बरोबर न्या. पत्रात तुम्ही, दीर, नवरा सगळ्यांची मतं आली, पण आई-बाबांना काय हवंय हे एका ओळीतही आलेलं नाही. कदाचित बाबांना वर जायचंच असेल. कदाचित सासूबाईंना तुमच्या सोबतीशिवाय दोघांनीच गावात निवांत हिंडायचं असेल. त्यांना झेपणार नाही हे त्यांच्या वतीने ठरवून टाकणं, त्यांच्यावर कितीही माया असली तरी, बरोबर नाही.

आता तुमचा दिवस. तो वेगळा हवा, आणि तो मागायला अजिबात संकोचू नका.

ओर्तिसेइहूनच दुसरा रोपवे दोन टप्प्यांत सेचेदाला जातो. वर सुमारे २,५०० मीटरची धार आहे. एका बाजूला हिरवा उतार आणि दुसऱ्या बाजूला एकदम तुटलेला कडा. हरिश्चंद्रगडच्या कोकणकड्यावर पोटावर पडून खाली डोकावलेल्या माणसाला त्या कड्याची ओढ कशी असते हे मला वेगळं सांगायला नको. तिथून ओदलेचे सुळके डाव्या हाताला ठेवून कुरणांमधून उतरत कोल रायझरपर्यंत यायचं. ते सुमारे २,१०० मीटरवर आहे. म्हणजे चारेकशे मीटरचा उतार, रमतगमत तीन तास धरा. कोल रायझरहून गोंडोलाने सांता क्रिस्तिना, तिथून बसने घरी. तुम्ही, दीर आणि मुलगा जा. जावेला यायचं असेल तर तीही. जूनच्या सुरुवातीला धारेजवळ बर्फाचे पट्टे असतील, तर सकाळी तिकिटाच्या खिडकीवरच वाट मोकळी आहे का ते विचारा. नसेल तर हट्ट नको, वरून बघून त्याच रोपवेने परत या. इटालियन अल्पाइन क्लब वाटांना अवघडपणानुसार अक्षरं देतो: सोप्या वाटेला टी, सरावाच्या डोंगरवाटेला ई, आणि अनुभवी लोकांसाठी ईई. तुम्ही टी आणि ई यांवरच राहा. वाटा लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी आणि क्रमांकांनी खुणावलेल्या असतात. नकाशा मुलाच्या हातात द्या. पंधरा वर्षांच्या मुलाला कामाशिवाय डोंगरावर नेलं की तो फोनमध्येच राहतो.

त्या दिवशी आई-बाबांजवळ तुमचा नवरा थांबेल. ते त्याचेच आई-वडील आहेत. त्याच्याशी हे निघायच्या आधी, नाशिकलाच बोला, दोघंच असताना. सासूबाईंसमोर किंवा दिराच्या टेबलावर बोलाल तर त्याला कोंडीत पकडल्यासारखं होईल. ‘तू नेहमीच असं करतोस’ने सुरुवात करू नका. सरळ सांगा: «एक दिवस आपण सगळे मिळून वर जाऊ. एक दिवस मी डोंगरात जाईन, त्या दिवशी आई-बाबांबरोबर तू. एक दिवस तुला हवं ते कर, मी त्यांच्याबरोबर असेन.» यात तुम्ही जबाबदारी झटकत नाही, वाटून घेता आहात. स्वार्थी कोण म्हणेल? आणि म्हटलंच कुणी, तर इतकी वर्षं डोंगर सोडून घर सांभाळलेल्या बाईने एक दिवस मागितला, एवढंच झालेलं आहे.

नवऱ्यासाठी तो दिवस काही शिक्षा नाही. ओर्तिसेइ ते सांता क्रिस्तिना अशी फिरायची सपाट वाट आहे. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतलेल्या छोट्या रेल्वेचा तो मार्ग. रेल्वे १९६० मध्ये बंद झाली आणि रुळांच्या जागी पायवाट झाली. रेल्वेची वाट, म्हणून चढ अगदी बेताचा. गुडघ्यांना यापेक्षा सोयीची वाट डोंगरात मिळणं कठीण. बाबा जितके चालतील तितकं चालायचं आणि मागे फिरायचं. गावातला मधला रस्ताही वाहनमुक्त आहे. लाकडावरच्या कोरीवकामासाठी ही दरी शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे, ती दुकानं आणि गावातलं संग्रहालय बघण्यात दुपार जाते. फक्त गावांच्या पाट्या इटालियन, जर्मन आणि तिथली लादिन अशा तीन भाषांत असतात. ओर्तिसेइच जर्मनमध्ये सांक्ट उलरिख होतं. बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर चुकीच्या गावात उतरलो असं वाटेल.

जेवणाचं. नऊ जणांचा तिन्ही त्रिकाळ स्वयंपाक तुम्ही करणार असाल तर सुट्टी बाकीच्या आठ जणांची झाली. जावेला आजच फोन करा आणि दोघींनी मिळून ठरवा: सकाळी ब्रेड, चीज, फळं, ज्याचं त्याने घ्यायचं. दुपारी बाहेर. रात्री खिचडी, पास्ता, सूप, आणि त्याच्या पाळ्या. त्या पाळ्यांमध्ये दोन्ही भाऊही हवेत. कुकर न्यायचा असेल तर घरात कसली शेगडी आहे ते विचारा. इंडक्शन असेल तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. भाजणी, मेतकूट, मसाले बॅगेत चालतील. पण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप आणि पेढे नकोत. आंबे आणि कढीपत्ताही नाही. दिरासाठी हापूसची पेटी न्यायचा बेत असेल तर तो सोडून द्या.

वर शाकाहारी माणसाचं चांगलं भागतं, पण विचारून घ्या. हा भाग पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे होता, त्यामुळे जेवण निम्मं टायरोलचं. क्नोडेल म्हणजे शिळ्या पावाचे उकडलेले गोळे. त्यातले पालकाचे आणि चीजचे घ्या. नुसते ‘क्नोडेल’ म्हटलं तर त्यात स्पेक, म्हणजे डुकराचं मांस, येण्याची शक्यता जास्त. सूप मागवाल तर ते बहुधा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं. पालक-चीज भरलेल्या करंजीसारख्या श्लुट्सक्राफेन सासूबाईंना आवडतील. मुलांसाठी काइझरश्मार्न, म्हणजे तुकडे केलेला गोड पॅनकेक. मात्र त्यात अंडं असतं, आणि क्नोडेल-श्लुट्सक्राफेनमध्येही बहुधा असतं. गरम जेवण साधारण बारा ते दोन या वेळातच मिळतं, म्हणून साडेबाराची वेळ पाळा.

तुम्ही सह्याद्रीत वाढलेल्या आहात, पावसाला घाबरत नसाल. तिथल्या पावसाला मात्र घाबरा. उन्हाळ्यात दुपारी ढग जमून विजा पडतात, आणि उघड्या धारेवर लपायला जागा नसते. सकाळी पहिल्या तासात निघा, दोनच्या आत धारेवरून खाली या. गडगडाट ऐकू आला की उंचवटे, एकटं झाड, लोखंडी क्रूस आणि दोर यांच्यापासून दूर व्हा. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून गावात घाम येत असला तरी पाठपिशवीत लोकरीचा स्वेटर आणि विंडचीटर हवंच. कुरणात वासरू असलेल्या गाईजवळ मुलीला जाऊ देऊ नका, ती गाय अंगावर येते. मदतीसाठी ११२. फोन लागला नाही तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. आणि शेवटच्या गोंडोलाची वेळ चढतानाच सगळ्यांच्या फोनमध्ये टाका.

कागदपत्रांत एक चूक आधीच टाळा. दीर म्युनिकला आहे म्हणून जर्मनीच्या व्हिसाला अर्ज करायचा मोह होईल. पण तुमचा मुक्काम इटलीत जास्त दिवसांचा आहे, म्हणून अर्ज इटलीकडेच करायचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण स्वस्तातला स्वस्त घेऊन मोकळे होऊ नका. सासऱ्यांचा आधीचा आजार त्यात धरला आहे का आणि डोंगरातून हेलिकॉप्टरने सोडवून आणण्याचा खर्च मिळतो का, हे दोन मुद्दे पॉलिसीत स्वतः वाचा. घरमालकाकडे पाहुण्यांच्या बस-पासची चौकशी करायला दिराला सांगा. तिथली बरीच घरं तो मुक्कामाबरोबर देतात.

राहता राहिली तुमची तयारी. आजपासून आठवड्यातून चार दिवस तासभर चाला, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या करा, आणि उतरताना गुडघे काय म्हणतात तिकडे लक्ष द्या. सेचेदाची वाट उताराची आहे, मांड्या तिथेच भरून येतात. कॉलेजच्या वेळचे ट्रेकिंगचे बूट माळ्यावर जपून ठेवले असतील तर खाली काढा आणि तळवा वाकवून बघा. न वापरलेल्या बुटांचा सोलसुद्धा आतल्या आत कुजतो आणि ऐन वाटेवर सुटून येतो. नवे घ्यायचे असतील तर आत्ताच घ्या, म्हणजे जूनपर्यंत पायाला बसतील. आणि बूट आणायला जाताना मुलालाही न्या, त्याचा पाय गेल्या वर्षीपेक्षा वाढलेला असणार.